उपरण्याखालचा सौदा

काष्टीच्या जनावरांच्या बाजारात शनिवारी एवढा कालवा असतो की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर घसा ताणावा लागतो. आणि तिथलं खरं बोलणं मात्र मुक्यानं चालतं. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहतात, दलाल मध्ये येतो, खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर टाकतो आणि मग बोटं बोलायला लागतात. कुठलं बोट धरलं, किती दाबलं, तळहातावर नख कसं ओढलं, त्यावर भाव ठरतो. वरून बघणाऱ्याला नुसतं कापड हलताना दिसतं. तोंडानं दोघं पोरीच्या लग्नाच्या नाहीतर उसाच्या तोडीच्या गप्पा मारत असतात. बोटांचं जमलं की कापड निवांत होतं. मग दलाल उपरणं ओढून घेतो, दोघांचे हात एकावर एक ठेवतो आणि वरून खणखणीत टाळी देतो. झालं. जनावराची दोरी या हातातून त्या हातात.

रामहरी हा त्या बाजारातला नावाजलेला दलाल. बोलायला गोड, पण आपल्या धंद्याच्या बाबतीत एकदम कडक. "जनावर बघितल्याबिगर हात देऊ नगा," तो गिऱ्हाइकाला आधीच दम भरायचा. "दात बघा, चाल बघा. नंतर माझ्या नावानं शिमगा करायचा न्हाई. टाळी वाजली की जनावर माघारी येत न्हाई." एकदा एक जण दुसऱ्या दिवशी एका डोळ्यानं आंधळा बैल परत घेऊन आला, तर रामहरीनं त्याला चहा पाजला, भजी खाऊ घातली आणि बैलासकट वाटेला लावलं.

त्याची बायको पुष्पावती. लग्नाच्या नवलाईत ती एकदा त्याचा डबा घेऊन बाजारात गेली होती, तर या बहाद्दरानं चारचौघांत तिच्या हातावर उपरणं टाकलं, आतल्या आत तिची करंगळी दाबली आणि तळहातावर दोनदा नख ओढलं. भोवतीचे सगळे खदाखदा हसले. "काय भाव फुटला वैनी?" ती लाजून चूर झाली. त्याचा अर्थ त्यानं तिला घरी आल्यावर सांगितला. अर्थ एवढाच, की चल घरी. ही खूण बाजारातली नव्हती, त्यानं तिच्यापुरती काढली होती. पुढं लग्नाकार्यात, जत्रेत, कुठंही कंटाळा आला की तो पदराआडून हळूच तिची करंगळी दाबायचा आणि ती उठायची. मूलबाळ झालं नाही त्यांना, पण त्यावरून त्या घरात कधी आदळआपट झाली नाही. एकमेकांचं त्यांना पुरत होतं.

त्या उपरण्याचंही सांगायला हवं. दलालाचं उपरणं चुकून चहाच्या टपरीवर राहिलं, तर टपरीवाला दिवस मावळायच्या आत ते पोचतं करतो. त्यात कुणाचा तरी अर्धा सौदा गुंडाळलेला असतो म्हणतात. ते घरात ठेवायचं नाही, जाळायचं नाही, पाण्यात सोडायचं नाही. ज्याचं त्याला नेऊन द्यायचं. मोबाईलवर बैलांचे व्हिडिओ टाकून विकणारी आजची पोरं याला हसतात, पण सापडलेलं उपरणं तीही नेऊन देतात. रामहरीचं उपरणं हिरव्या काठाचं होतं. एक कोपरा गोऱ्ह्यानं चावला होता, तिथं पुष्पावतीनं घरात होता तो लाल दोरा घेऊन रफू केलं होतं.

तो शनिवार फेब्रुवारीतला. पुष्पावती कांद्याचं रोप घ्यायला बाजारात आली होती. परत निघायच्या वेळी रामहरीनं मोटरसायकलला किक मारली, उपरणं गळ्याभोवती गुंडाळून गाठ मारली आणि म्हणाला, "तू टेम्पोनं ये. मी फुडं व्हतो, गाईला पानी दाखवतो." हेल्मेट घरी खुंटीला होतं. त्यांची वस्ती श्रीगोंद्याच्या रस्त्याला, म्हणजे सांजेचं जाताना ऊन पाठीवर येतं. लाल रफूचा कोपरा त्याच्या पाठीवर उडताना तिनं पाहिला.

उसाच्या वळणावर टेम्पो थांबला. गर्दी होती. मोटरसायकल चारीत, एक चप्पल रस्त्याच्या मधोमध. रामहरी कडेला पडलेला. अंगाला म्हणावं तर फार लागलं नव्हतं, पण कानातून रक्ताची बारीक रेघ आली होती. समोरून कुठलीतरी मोठी गाडी आली आणि उडवून गेली, एवढंच लोक सांगत होते. गाडी कुणी पाहिली नव्हती. गळ्यातलं उपरणंही नव्हतं, पण ते तेव्हा कुणाच्या ध्यानात येणार?

नगरला सावेडीतल्या एका दवाखान्यात त्याचं डोकं उघडलं. आतल्या सुजेला जागा मिळावी म्हणून कवटीचा तुकडा काढला. तो नंतर बसवला, तरी उजव्या अंगाला खळगा राहिला तो राहिलाच. रामहरी जगला. डोळे उघडे, पण त्यात कुणी नाही. बोलणं नाही, ओळख नाही. नाकातून नळी, खाली लंगोट, आणि उजवी मूठ अशी आवळलेली की नखं तळव्यात रुतायची. रोज सकाळी कोमट तेल लावून पुष्पावती ती मूठ एकेक बोट करून उघडायची. सोडली की परत मिटायची.

घरी सोडताना एंजेला सिस्टरनं तिला बाजूला घेतलं. नगरचीच पोरगी, शांत बोलणारी. "मावशी, आशा सोडू नका. ओळखीचं काहीतरी करत राहा. डोक्याला असा मार लागला की माणूस बायकोचं नाव विसरतो, पण आरसा दिसला की दाढी करायला हात आपोआप गालाकडं जातो. हाताची सवय लवकर जात नाही." मग जरा थांबून म्हणाली, "आणि एक सांगून ठेवते. माणूस परत येतो कधीकधी. पण गेला होता तसाच येईल, असं नाही सांगता येत."

"कसा बी येऊ द्या," पुष्पावती म्हणाली. "मी सांभाळीन."

पोलिसांनी अज्ञात वाहन लिहून घेतलं. उन्हाळा गेला, पाऊस होऊन गेला.

गणपती उठल्यावर एका शनिवारी दुपारी आप्पासाहेब आले. दौंडकडच्या अंगाला त्यांचा बंगला, दुधाचं संकलन, शर्यतीच्या बैलांचा नाद. कितीतरी खोंडं त्यांनी रामहरीच्या हातून घेतली होती. जुन्या पांढऱ्या गाडीच्या जागी घेतलेली नवी करकरीत गाडी दारात लावून ते आत आले, शहाळी ठेवली, खुर्चीच्या कडेवर टेकले. "लई वंगाळ झालं वैनी," असं दोन-तीनदा म्हणाले. चहा बिनसाखरेचा घेतला, त्यांना शुगर होती. उठता उठता पिशवीतून एक घडी काढून त्यांनी खाटेवर ठेवली. धुऊन, इस्त्री करून आणलेलं उपरणं. हिरवा काठ.

"बाजारात चहाच्या टपरीवर ऱ्हायलं हुतं म्हनं. आमच्या गड्याला घावलं. ज्याचं त्याला दिल्यालं बरं, म्हनून आनलं."

पुष्पावतीनं घडी उलगडली. लाल रफू.

तिनं काही आरडाओरडा केला नाही. तिच्या डोक्यात असा जाळ उठला की समोरचा माणूस तिला धड दिसेना. हे उपरणं तिच्या डोळ्यांदेखत गळ्यात बांधून तो निघाला होता. ते या माणसाकडं येण्याची एकच वाट होती. गाडीच्या तोंडाला अडकून गेलं असणार. जुनी पांढरी गाडी विकून टाकली, आणि हे एवढंसं कापड मेल्याला जाळवलं नाही! कापडाला भ्याला, माणसाला नाही भ्याला. पोलिसांकडं जावं तर हातात काय, एक धुतलेलं उपरणं. आणि खरं सांगायचं तर तिला कोर्टकचेरी नकोच होती. तिला आप्पासाहेब या खाटेवर असाच पडलेला बघायचा होता, तोंडातून लाळ गळताना, आणि त्याच्या बायकोनं ती पुसताना.

"आप्पासाहेब," ती म्हणाली, आणि आवाज इतका नेहमीसारखा आला की तिचं तिलाच नवल वाटलं, "आलाच हायसा तर त्यांच्या हातात हात द्या की. सिस्टर म्हनल्या, वळखीचं काय तरी करीत ऱ्हावा. बाजाराचा हात हाय त्यांचा."

नाही कसं म्हणणार? आप्पासाहेबांनी हात पुढं केला. पुष्पावतीनं रामहरीची मूठ त्यात ठेवली आणि वरून उपरणं टाकलं.

आप्पासाहेब उसाच्या तोडीबद्दल काहीतरी बोलत होते. "औंदा टोळ्या येळेवर आल्या तर..." म्हणाले आणि थांबले. उपरणं हललं.

"काय झालं?"

"वैनी, ह्ये... बोलतोय."

"काय म्हनतायत?"

आप्पासाहेबांच्या कपाळाला घाम फुटला. "इचारतोय, देतो का म्हनून."

"काय देतो का?"

त्यांनी हात हिसकून काढला, उठले आणि बाहेर गेले. थोड्या वेळानं पुष्पावतीनं डोकावून पाहिलं तर आप्पासाहेब अंगणात उभेच. नवी गाडी पुढ्यात, किल्ली हातात, आणि ते किल्लीकडं बघतायत. "वैनी," त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "मी कशानं आल्तो?"

त्या संध्याकाळी पुष्पावती रामहरीला, नळी होती तरी सवयीसाठी, दोन चमचे पेज तोंडानं भरवत होती. एरवी निम्मी गळ्यावर यायची. आज त्यानं सगळी गिळली. भिंतीवर पाल होती, त्याचे डोळे तिच्यामागून फिरले.

पुढच्या शनिवारी आप्पासाहेब बोलावल्याशिवाय आले. गाडी गडी चालवत होता. "त्ये अर्धं ऱ्हायलंय वैनी," ते म्हणाले. "झोप लागंना. मोडून टाकू." सौदा मोडायचा तर सोपं असतं, बोटं झटकायची आणि हात बाहेर काढायचा. बाजारात उभा जन्म गेलेल्या माणसाला हे काय शिकवायचं? पण उपरण्याखाली गेलेला हात बाहेर येईना. आप्पासाहेब दात-ओठ खात होते, मनगट ओढत होते, आणि ती इतके महिने आवळलेली मूठ त्यांना सोडत नव्हती. पुष्पावती दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. तिला इतकं बरं वाटत होतं की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

ते गेल्यावर रामहरी म्हणाला, "पानी."

पुष्पावती तिथंच खाली बसली आणि मोठ्यांदा रडली. मग डोळे पुसून तिनं पाणी दिलं, आणि मनात म्हणाली, अजून आण त्याच्याकडून. सगळं आण.

मग दर शनिवारी हेच. आप्पासाहेबांना यायचं नसायचं आणि राहवायचंही नाही. आधी त्यांच्या बैलांची नावं गेली. मग बंगल्याची वाट गेली. एकदा चहाची कपबशी हातात घेऊन ते नुसतेच बसून राहिले, ती तोंडाला लावायची असते हे आठवेना. आणि इकडं रामहरीची नळी निघाली, पाठ टेकून तो बसायला लागला, मूठ सैल झाली. शेजारपाजारच्या बायका ओटी भरून बोललेला नवस फेडायला सांगत होत्या. पुष्पावती हो हो म्हणायची. नवस कुणापाशी बोलला गेलाय हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

शेवटच्या वेळी आप्पासाहेबांना त्यांची बायको राहीबाई हाताला धरून घेऊन आली. बिचारी रडकुंडीला आली होती. "शनवार आला की दारात जाऊन उभं ऱ्हात्यात. हितं आलं की आनखीच बिघडत्यात, पन आनल्याबिगर ऐकत न्हाईत. डाक्टर म्हनत्यात, फोटोत कायच न्हाई."

"तुमी च्या ठेवा राहीबाई, सैपाकघरात सगळं हाय," पुष्पावती म्हणाली. "मी बघते."

राहीबाई आत गेली. पुष्पावतीनं दोघांना समोरासमोर बसवलं, हातात हात दिले आणि उपरणं टाकलं. दलाल आज ती होती.

"आप्पासाहेब, उपरनं टपरीवर घावलं न्हवतं."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. "न्हाई," मग ते म्हणाले. "गाडीला... अडकलं हुतं."

"जित्ता हुता त्यो. तुमी थांबला का न्हाई?"

त्यांचं तोंड उघडं राहिलं. डोळ्यांतून पाणी आलं. तिला त्याची दया येईल असं क्षणभर वाटलं, आणि तिनं रस्त्यात पडलेली ती चप्पल आठवली.

उपरणं हलायचं थांबलं. सौदा जमला की कापड असंच निवांत होतं, हे तिला ठाऊक होतं.

"दिलं म्हना," ती म्हणाली.

आप्पासाहेबांनी मान हलवली.

पुष्पावतीनं उपरणं ओढून घेतलं आणि दोघांच्या हातांवर जीव खाऊन टाळी मारली. आतल्या खोलीत राहीबाईच्या हातातली बशी पडून फुटली.

काय दिलं, काय घेतलं, तिनं विचारलं नव्हतं.

रामहरीनं आपले दोन्ही तळहात डोळ्यांसमोर धरले, उलटे-सुलटे करून पाहिले. मग उजवा हात डोक्यावरच्या खळग्यावर गेला, आणि तो हमसून हमसून रडायला लागला. समोर आप्पासाहेब. त्यांची उजवी मूठ हळूहळू मिटत गेली. खालच्या ओठावरून लाळेची तार सुटली.

"घिऊन जावा आता त्यांस्नी," पुष्पावती राहीबाईला म्हणाली. तिच्या आवाजात सणासारखा आनंद होता.

रामहरी आठवडाभरात चालायला लागला. अख्खी काष्टी बघायला लोटली. नगरला नेलं तर डॉक्टर चक्रावले, पण खूशही झाले. एंजेला सिस्टरनं पुष्पावतीचे हात धरले. "मावशी, जिंकलात."

आता घरात येऊन-जाऊन काही बारीकसारीक गोष्टी होत्या. रामहरीला पूर्वी चहात एवढी साखर लागायची की कपाला मुंग्या यायच्या. आता तो बिनसाखरेचा मागायचा. गोठ्यात जायचा, पण हात पाठीमागं बांधून उभा राहायचा आणि म्हणायचा, "शेन कुनी काढलं न्हाई का?" जणू घरात चार गडी होते. गाय सवयीनं त्याचा हात चाटायला यायची, तर तो हात झटकून धोतराला पुसायचा. बाजारात जायचं नाव काढत नव्हता. झोपायला बाहेरच्या खोलीत. आणि पुष्पावतीला तो कशानंच हाक मारत नव्हता. पूर्वी दिवसभर ‘पुष्पे, ए पुष्पे’ चालायचं.

तिनं एकदा विचारलं, "त्या दिवसाचं काय आठवतंय का?"

"ऊन डोळ्यावर आलं," तो म्हणाला. "दिसलंच न्हाई."

वस्तीकडं येताना ऊन पाठीवर असतं. हे तिच्या मनात आलं, आणि तिनं ते तिथंच दाबलं. डोक्याला मार लागलेला माणूस, त्याला कुठलं ऊन कुठं आठवणार? सिस्टर म्हणाल्याच होत्या, माणूस बदलतो. नात्यातल्या एका साखरपुड्यात तिनं पदराआडून त्याची करंगळी दाबली, तर त्यानं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला आणि इकडंतिकडं बघितलं. त्याही दिवशी तिनं सिस्टरचं बोलणं आठवून घेतलं.

पण एक इच्छा राहिली होती. जशी शहाळी घेऊन आप्पासाहेब आले होते, तशीच शहाळी घेऊन तिला त्यांच्या दारात जायचं होतं. खुर्चीच्या कडेवर टेकून ‘लई वंगाळ झालं’ म्हणायचं होतं. त्यासाठी तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं आणि पिशवीत शहाळ्यांखाली उपरणं घातलं.

सकाळचं कोवळं ऊन बंगल्याच्या पडवीत आलं होतं. आप्पासाहेबांना चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं, गळ्याखाली टॉवेल. राहीबाई निम्मी झाली होती.

"नळी घातलीया," ती म्हणाली. "डोक्याच्या उजव्या अंगाला हात लावू देत न्हाईत. लागल्यालं कायच न्हाई बगा तिथं. आन् सारकं फाटकाकडं बगत्यात. कुनाची वाट बगत्यात, देव जाने. बसा, मी च्या आनते."

पुष्पावती बसली. पोटभर बघून घेतलं तिनं. अगदी तसंच, जसं मागितलं होतं. मग उपरणं काढून त्यांच्या हातावर टाकलं आणि आपला हात खाली सारला.

"काय आप्पासाहेब," ती कानाशी लागून म्हणाली, "बरं हाय का?"

मूठ आवळलेली होती. नखं तळव्यात रुतलेली. तिचा हात लागला, आणि मूठ उघडली.

बोटं चाचपडली. एक, मग दुसरं.

करंगळी सापडली. तिथं थांबली.

दाबली.

मग तळहातावरून नख ओढलं गेलं. पुन्हा एकदा.

ही खूण तिनं आयुष्यात कुणाला सांगितली नव्हती. तिनं मान वर केली. चेहरा आप्पासाहेबांचाच होता, रंगवलेली मिशी, कानावर केस. डोळे तिच्याकडं लागलेले.

"काय वळख पटली का वो?" आतून राहीबाईनं विचारलं.

टाळी पुष्पावतीनं मारली होती. कुठलं जनावर कुणाच्या दावणीला चाललंय, ते न बघता मारली होती. तिनं तो हात छातीशी धरला, आणि आवळता येईल तेवढा आवळला. नख पुन्हा तळव्यावरून फिरलं. चल घरी.

ती वस्तीवर परत आली तेव्हा दुपार टळली नव्हती. रामहरी ओसरीवर बसला होता, बिनसाखरेचा चहा पुढ्यात. पुष्पावती आत आली, दाराला आतून कडी घातली आणि पिशवीतून उपरणं काढलं.

त्याचा चेहरा उतरला.

"वैनी," तो म्हणाला, "त्ये उपरनं तेवढं लांब ठेवा."

बोललेलं दोघांनीही ऐकलं. बाहेर गाय हंबरली. पुष्पावती त्याच्या समोर बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लावून, आणि त्याच्याकडं बघत राहिली. नवऱ्याचे डोळे, नवऱ्याचं नाक, नवऱ्याच्या हनुवटीवरचा तीळ.

"मागच्या टायमाला जनावर बघितलं न्हवतं," ती म्हणाली. "आता बघितलंय."

तिनं आपल्या उजव्या हातावर उपरणं पसरलं. "हात द्या, आप्पासाहेब."

त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि नको नको करत मान हलवली. तो घाबरला होता, रडत होता, वैनी म्हणून विनवत होता.

आणि त्याचा उजवा हात, बाजारात जन्म गेलेला रामहरीचा हात, मांडीखालून हळूच निघाला आणि सवयीनं उपरण्याखाली आला.